यंत्रात हात सापडून होणाऱ्या दुखापती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रेस शॉप, मोल्डिंग, रबर आणि पॅकिंग विभागांत काम करणाऱ्या कामगारांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि लहान कारखान्यांच्या मालकांसाठी लिहिले आहे. भोसरी परिसरातील प्रेस शॉपमध्ये मी बरीच वर्षे देखभालीचे काम केले. त्या काळात, आणि पुढे चाकण, वाळूज, सातपूर येथे सुरक्षेचे प्रशिक्षण देताना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांचीच ही उत्तरे आहेत.

चेंगरल्याची दुखापत कापल्याच्या जखमेपेक्षा वेगळी कशी असते?

धारदार पात्याने कापले तर जखमेच्या कडा स्वच्छ असतात आणि काय तुटले ते डॉक्टरांना दिसते. दोन कठीण पृष्ठभागांत अवयव दाबला गेला तर त्वचा, रक्तवाहिन्या, नसा, स्नायू आणि हाड यांना एकाच वेळी इजा होते, आणि त्यातील बरीचशी बाहेरून दिसत नाही. त्वचा जवळजवळ शाबूत असलेला हात आतून पूर्ण निकामी झालेला असू शकतो. रोलरमध्ये हात ओढला गेल्यास किंवा बोटातील अंगठी अडकल्यास कातडी मोज्यासारखी सोलून निघते. ही दुखापत दुरुस्त करणे सर्वांत अवघड असते. ‘रक्त फारसे आले नाही, म्हणजे किरकोळ आहे’ ही समजूत म्हणूनच घातक आहे.

असे अपघात कोणत्या यंत्रांवर होतात?

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसचा, म्हणजे डाय नावाच्या साच्यावर पत्रा दाबून तो कापणाऱ्या किंवा वळवणाऱ्या यंत्राचा, क्रमांक पहिला लागतो. हरियाणात आणि पिंपरी-चिंचवड परिसरात जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या वार्षिक अहवालांतही हेच दिसते. त्याखालोखाल इंजेक्शन मोल्डिंगचे मिटणारे साचे, रबराच्या दोन रोलांच्या मिल, कन्व्हेयरचे ड्रम, साखळ्या आणि गिअर येतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातील चरकही याच जातीचा आहे. एकमेकांकडे आत फिरणारे दोन रोल त्यांच्यामध्ये जे सापडेल ते ओढतात आणि माणसाची मागे खेचण्याची ताकद त्यांच्यापुढे चालत नाही.

पायडल दाबले नसताना प्रेस खाली कशी येते?

‘प्रेसने डबल मारला’ असे ऑपरेटर सांगतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही. त्याचे म्हणणे खरे असू शकते आणि त्याचे यांत्रिक कारण अगदी साधे आहे.

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये मोटर फ्लायव्हील नावाचे जड चाक सतत फिरवत असते. पायडल दाबले की क्लचची पिन किंवा चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँक हा पंचाला हलवणारा दांडा एक फेरा घेतो, पंच, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली जाऊन वर येतो (हा एक स्ट्रोक) आणि पिन पुन्हा बाहेर काढली जाते. पिन बाहेर काढणारी स्प्रिंग थकली असेल, पिनेची धार झिजून गोल झाली असेल किंवा क्रँकला वर थोपवून धरणारा ब्रेकचा पट्टा ढिला असेल, तर एका फेऱ्यानंतर प्रेस थांबत नाही आणि लगेच दुसरा स्ट्रोक मारते. त्या वेळी ऑपरेटरचा हात तयार झालेला जॉब, म्हणजे सुटा भाग, उचलण्यासाठी डायमध्येच असतो, कारण त्याच्या कामाचा क्रमच तसा आहे. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसमध्ये पंच वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. एवढ्या वेळात खोलवर गेलेला हात बाहेर काढता येत नाही.

यावर उपाय देखभालीचा आहे. पिन, स्प्रिंग आणि ब्रेक ठरावीक दिवसांनी उघडून पाहावेत, मोजमाप नोंदवून ठेवावे, आणि एकदा जरी डबल स्ट्रोक झाला तरी प्रेस तिथेच बंद करून कुलूप लावावे. ‘शिफ्ट संपेपर्यंत चालव, मग बघू’ असे मी अनेकदा ऐकले आहे. एका रात्री तसे ऐकल्यावर मी प्रेस बंद केली नाही. दीड तासाने त्या प्रेसवरच्या मुलाच्या तर्जनीची दोन पेरे गेली. तो बावीस वर्षांचा होता आणि गावी त्याचे लग्न ठरले होते. ती प्रेस बंद करणे माझ्या हातात होते.

बहुतेक अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात, हे खरे आहे का?

अपघाताच्या नोंदवहीत ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा लिहिलेले आढळते. ते लिहिले की चौकशी तिथेच थांबते, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा.

चार सेकंदांना एक जॉब या गतीने तासाला ९०० आणि सात तासांच्या प्रत्यक्ष कामात ६,३०० वेळा ऑपरेटर डायखाली हात घालतो आणि बाहेर काढतो. यांतील एकदाही हात आणि पाय यांचा मेळ चुकू नये, अशी अपेक्षा कोणत्याही माणसाकडून करता येत नाही. बारा तासांच्या शिफ्टच्या शेवटी, उपाशीपोटी, टार्गेट पुरे करायच्या घाईत तर नाहीच. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच यंत्राची रचना करायची असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालण्याची आणि यंत्र चालू असताना ते कायम जागेवर ठेवण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर टाकलेली होती, ती याच विचाराने. हात त्या जागेत पोहोचू शकला, हीच मुळातली चूक आहे. लक्ष विचलित झाले ही नंतरची गोष्ट.

प्रशिक्षणासाठी गेलो की मी आधी प्रेसजवळ उभा राहून नुसते पाहतो. एका ठिकाणी दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी डावे बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधून कायमचे दाबून ठेवलेले होते. ट्यूब काळवंडली होती आणि तिच्यावर तेलाची पुटे चढली होती, म्हणजे ती काही महिने तरी तशीच असावी. सुपरवायझर दिवसातून दहा वेळा तिच्यासमोरून जात होता. विचारल्यावर ऑपरेटर म्हणाला, “साहेब, दोन्ही हातांनी दाबलं तर तासाला साडेपाचशेच निघतात, आणि टार्गेट आठशेचं आहे.” ती ट्यूब कोणी बांधली, यापेक्षा ते टार्गेट कोणी ठरवले हा प्रश्न तिथे अधिक महत्त्वाचा होता.

प्रेसवर कोणती सुरक्षा साधने असावीत?

हात आत घालावाच लागू नये, ही सर्वांत चांगली व्यवस्था. पत्र्याची पट्टी बाजूने सरकवण्याची सोय, घसरगुंडीने जॉब पडण्याची सोय किंवा हवेच्या झोताने जॉब बाहेर फेकणे, हे उपाय लहान कारखान्यालाही परवडतात. त्यानंतर डायभोवतीचा पक्का गार्ड येतो. त्याच्या फटीतून पट्टी जावी पण बोट जाऊ नये. उघडता येणारा गार्ड असेल तर तो उघडा असताना स्ट्रोक बसूच नये, अशी जोडणी लागते.

दोन हातांच्या बटणांबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक बसला पाहिजे आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा बसता कामा नये. अशी जोडणी असेल तर एक बटण बांधून ठेवून काहीच साधत नाही. वर सांगितलेल्या कारखान्यात बटणे होती, ही जोडणी नव्हती. शिवाय ही बटणे ती दाबणाऱ्याच्याच हातांचे रक्षण करतात. शेजारी उभा असलेला हेल्पर त्यात येत नाही.

जॉब उचलायला चिमटा किंवा चुंबकाची काठी द्यावी. तिला गार्डचा पर्याय मात्र समजू नये.

लाइट कर्टन बसवले की काम भागले का?

नाही, आणि या गैरसमजापायी बरेच पैसे वाया जातात. प्रकाशकिरणांचा पडदा हाताने छेदला गेला की प्रेसला थांबण्याचा संकेत जातो. पिनच्या क्लचची प्रेस एकदा अडकली की फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबतच नाही. तिच्यावर बसवलेला पडदा संकेत देईल आणि पंच तरीही खाली येईल. हवेवर चालणारा घर्षण क्लच आणि चांगला ब्रेक असलेली, म्हणजे स्ट्रोकच्या मधेच थांबू शकणारी प्रेस असेल, तरच पडद्याचा उपयोग होतो.

तिथेही अंतर मोजावे लागते. हात सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने आत जातो असे धरून हिशेब करतात. प्रेस थांबायला पाव सेकंद घेत असेल, तर पडदा डायपासून किमान अर्धा मीटर दूर हवा. जागा नाही म्हणून तो २० सेंटिमीटरवर बसवला, तर दिवा लागेपर्यंत हात आत पोहोचलेला असतो. ब्रेक झिजला की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून हे मोजमाप अधूनमधून पुन्हा घ्यावे.

हातमोजे घातल्याने संरक्षण मिळते का?

पत्र्याच्या धारेपासून मिळते. फिरणारे रोल, ड्रिल आणि साखळ्या यांच्याजवळ मात्र मोजा आधी अडकतो आणि हाताला आत नेतो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील दोरा आणि अंगठी यांचेही तसेच.

डाय बदलताना किंवा दुरुस्ती करताना काय काळजी घ्यावी?

मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नये. हायड्रॉलिक प्रेसमध्ये तेलाचा दाब उरलेला असतो आणि वरचा जड भाग स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो, म्हणून डायमध्ये भक्कम आधारठोकळा ठेवावा लागतो. मुख्य स्विच बंद करून त्याला काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावावे आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. चार जण काम करत असतील तर चार कुलपे लागतील. ‘काम चालू आहे’ असा नुसता फलक पुरेसा नाही. शिफ्ट बदलताना तो कोणीतरी बाजूला करतो आणि बटण दाबतो.

हात यंत्रातच अडकला असेल तर सहकाऱ्यांनी काय करावे?

आधी यंत्र थांबवावे, पण घाईने उलट फिरवू नये. क्लच किंवा व्हॉल्व्ह नेमका काय करेल हे ठाऊक असलेल्या फिटरला बोलवावे. पंच वर किंवा खाली हलू नये म्हणून ठोकळा लावावा. एकाने लगेच १०८ ला फोन करून ‘हात यंत्रात अडकला आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि एकाने गेटवर उभे राहावे, कारण औद्योगिक वसाहतीत रुग्णवाहिकेला शेड शोधायला वेळ लागतो. हात खेचून काढण्याचा प्रयत्न करू नये.

हात मोकळा झाल्यावर रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोराने दाब द्यावा आणि हात उंच धरावा. दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जिवाला धोका दिसत असेल तरच जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टा आवळावा आणि किती वाजता आवळला ते लिहून ठेवावे. अंगठी, घड्याळ आणि कडे लगेच काढावे. सूज चढल्यावर ते निघत नाहीत. हळद, चुना, कॉफी, ग्रीस यांतील काहीही जखमेवर घालू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागेल, म्हणून खायला-प्यायला देऊ नये.

तुटलेले बोट कसे न्यावे?

बोट सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात. थेट पाण्यात बुडवले तर फुगते. असे थंड ठेवलेले बोट साधारण २४ तासांपर्यंत आणि थंड न ठेवलेले सुमारे १२ तासांपर्यंत जोडण्याचा प्रयत्न करता येतो. मनगटापासून वरचा भाग असेल तर त्यात स्नायू असल्याने मुदत बरीच कमी असते. जपानमध्ये १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मशस्त्रक्रियेने जोडला गेला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रुळली आहे. चेंगरून तुटलेले बोट जोडणे कापून तुटलेल्यापेक्षा अवघड असते, पण ते ठरवणे हाताच्या सर्जनचे काम आहे. म्हणून बोट कसेही दिसत असले तरी बरोबर न्यावे. डायमध्ये राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवशी झाडूने काढला जातो, हे मी पाहिले आहे.

हाड मोडलेले नाही, तरी दुखणे वाढतच चालले आहे. थांबावे का?

मुळीच थांबू नये. हाताच्या आणि पायाच्या स्नायूंभोवती न ताणणारी आवरणे असतात. आत सूज चढली की दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडतो. दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, बोटे दुसऱ्याने सरळ केली तर असह्य कळ, दगडासारखा कडकपणा, मुंग्या, बधिरपणा ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. आवरण चिरून दाब मोकळा करावा लागतो आणि त्यासाठी हातात काही तासच असतात. नाडी लागते म्हणून सर्व ठीक आहे असे समजू नये. प्लास्टर घातल्यानंतरही हे होऊ शकते.

मांडीसारखा मोठा भाग बराच वेळ दबून राहिला असेल तर आणखी एक धोका असतो. मेलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचे प्रथिन, दाब सुटताच, रक्तात उतरतात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी याचे वर्णन केले. असा माणूस अडकलेला असताना, शक्य असल्यास बाहेर काढण्यापूर्वीच, सलाइन सुरू करावे लागते. तो किती वेळ दबलेला होता हे डॉक्टरांना सांगावे, आणि लघवी चहाच्या रंगाची झाल्यास ताबडतोब कळवावे.

‘घरी पडून लागले असे सांग, खर्च आम्ही करतो’ असे सांगितले तर?

असे सांगू नये. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर जे लिहिले जाते, तेच पुढे वर्षानुवर्षे पुरावा म्हणून पाहिले जाते. अपघात कोठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर झाला हे डॉक्टरांना खरे सांगावे आणि ते लिहिले गेले की नाही ते पाहावे. सोबतच्या दोन कामगारांची नावे आणि यंत्राचा फोटो जपून ठेवावा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. कारखान्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) असेल तर काय मिळते?

कामावरील दुखापतीसाठी किमान किती दिवस वर्गणी भरली पाहिजे, अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क मिळतो. २१,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेले कामगार योजनेत येतात. मालकाने अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये द्यायचा असतो. उपचार मोफत होतात. काम करता येत नाही तोपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, मात्र असमर्थता अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस टिकली पाहिजे. या काळात कामावरून काढता येत नाही.

कायमची हानी झाली असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. मंडळासमोर जाताना एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद आणि आपण नेमके कोणते काम करतो याची माहिती न्यावी. निर्णय कमी वाटला तर अपील करता येते. बरेच कामगार मंडळापर्यंत पोहोचतच नाहीत. जखम भरली की प्रकरण संपले असे त्यांना वाटते आणि आयुष्यभराची रक्कम सुटते.

अपघात झाल्यावर माझे ईएसआय कार्ड काढले. आता?

दुर्दैवाने हे अनेक ठिकाणी घडते. कार्डावरील नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख एकच दिसली की दाव्यावर प्रश्न उभे राहतात. तुम्ही आधीपासून कामावर होतात हे हजेरीपत्रक, बँकेत जमा झालेला पगार, गेट पास, मोबाइलमधील संदेश यांवरून दाखवता येते. नोंदणी न करणे हा मालकाचा दोष आहे. त्यामुळे तुमचा हक्क जात नाही. अपघाताची वाट न पाहता, कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात आपला विमा क्रमांक मागून घ्यावा, असे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई कशी ठरते?

१९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाने घालून दिलेले सूत्र असे आहे: कायमच्या दुखापतीत मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि त्यातून क्षमतेच्या हानीची टक्केवारी काढायची. संपूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के हानी धरली जाते. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे. हिशेबासाठी १५,००० रुपये वेतन धरले आणि तर्जनी पूर्ण गेली असेल, तर ९,००० × २०७.९८ × १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार रुपये होतात. ‘पन्नास हजार घे आणि मिटव’ असे सांगितले जाते, तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

मी ठेकेदाराकडे आहे. जबाबदारी कोणाची?

ज्याच्या कारखान्यात काम चालते त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. ठेकेदार पळून गेला म्हणून दावा बुडत नाही.

गार्ड मीच काढला होता. मग काहीच मिळणार नाही का?

१९२३ च्या कायद्यात जाणूनबुजून सुरक्षा साधन काढल्यास मालकाला बचाव मिळतो, पण मृत्यू किंवा कायमची पूर्ण असमर्थता आल्यास तो बचावही चालत नाही. शिवाय गार्ड महिनोन्‌महिने काढलेला होता, सर्वांना दिसत होता आणि त्याशिवाय टार्गेट पुरे होत नव्हते, हे दाखवता आले तर ‘जाणूनबुजून’ या शब्दाचा अर्थ बदलतो. अशा प्रकरणात वकिलाचा किंवा युनियनचा सल्ला जरूर घ्यावा.

नव्या कामगार संहितांमुळे काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने, ईएसआय व भरपाई यांचे जुने कायदे त्यांत सामावले गेले. यंत्र सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी, ईएसआयचे लाभ आणि भरपाईची चौकट कायम आहे. सुरक्षेच्या नियमांचा भंग होऊन मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास, दंडाच्या रकमेतील किमान निम्मा भाग पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. अर्ज करताना अपघाताची तारीख आधी पाहावी, कारण कोणता कायदा लागू होईल ते तिच्यावर ठरते.

बरे झाल्यावर पुन्हा प्रेसवर जावे का?

जखम भरली म्हणजे हात बरा झाला असे नाही. उरलेली बोटे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू करावी लागते आणि ती काही महिने चालते. थंडीत ठणकणे, टोकाला स्पर्श सहन न होणे, नसलेल्या बोटात कळ येणे हे बराच काळ राहू शकते. प्रेसचा आवाज ऐकून छाती धडधडणे, झोपेतून दचकून उठणे हेही आजारात मोडते आणि त्यावर उपचार आहेत. पुरुष मंडळी ते बोलत नाहीत, म्हणून घरच्यांनी विचारावे. डॉक्टरांकडून कोणते काम जमेल ते लेखी घ्यावे आणि तपासणी, स्टोअर किंवा पॅकिंगमध्ये बदली मागावी. त्याच प्रेसवर परत बसवले जात असेल, तर कामाला सुरुवात करण्यापूर्वी तिची पिन, ब्रेक आणि गार्ड दुरुस्त झाले आहेत का, हे फिटरला समोर उभे करून पाहून घ्यावे.